उघाडीमामाचं घर

पाहुण्याला आधी बसायला सांगावं, पाणी विचारावं, ही रीत उघाडीमामाच्या गावीच नव्हती. तो आधी घर दाखवायचा. हात धरून, अक्षरशः ओढत. "बसशील नंतर. हा कोपरा बघ आधी." माझी आई त्याची सख्खी बहीण, त्याच घरात लहानाची मोठी झालेली, पण दर भाऊबीजेला तिलाही सगळं घर नव्याने पाहावं लागायचं.

गास गावाच्या पलीकडे खाडीच्या बांधावर ती उघाडी, म्हणजे पाणी अडवायचं फळ्यांचं दार. भरतीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून तिच्या फळ्या खाली सोडायच्या, ओहोटीला शेतातलं पाणी निघून जावं म्हणून वर ओढायच्या, हे मामाचं पिढीजात काम. त्यासाठीच जुन्या काळी सरकारने हे दगडी घर बांधलेलं. आणि काय घर आहे ते! जोतं छातीएवढं. खाडीकडचा कोपरा गोल घडवलेला, म्हणजे उधाणाचं पाणी न आपटता बाजूने घसरून जातं. खाटेवर पडल्या पडल्या एका खिडकीतून खाडी दिसते, समोरच्या खिडकीतून शेत. कौलांचं छप्पर थेट उघाडीपर्यंत पुढे आलेलं, त्यामुळे धो धो पावसातही फळ्या ओढणाऱ्याचं डोकं कोरडं. "ज्यानं बांदलं त्याला पानी कळायचं," असं म्हणत मामा भिंत थोपटायचा, बैलाची पाठ थोपटावी तशी.

गंमत म्हणजे पुढचं दार खाडीकडे. तेव्हा माणसं होडीने यायची. रस्ता मागाहून झाला, तोही घराच्या पाठीमागून, म्हणून येणारा प्रत्येक जण न्हाणीपाशी उभा राहून हाका मारायचा. मामा आतून सांगायचा, "फिरून ये. पाठीकडून येनाऱ्याला मी वळखत नाय." स्वतःच्या लग्नाची वरातसुद्धा त्याने बांधावरून फिरवून आणली होती. बँडवाले चिखलात रुतले, नवरीची चप्पल गेली. त्या चपलेवरून मामी आजही त्याला ऐकवते.

गेल्या वर्षी उघाडीला मोटर बसवायचं ठरलं, आणि घर पाडायचं. पाहणीला सरकारी साहेब आले ते अर्थातच रस्त्याने. शेवाळलेली मागची भिंत आणि फुटकी पन्हाळ बघून म्हणाले, "यात ठेवण्यासारखं काय आहे?" मामाने सरळ त्यांचा हात धरला. "साहेब, तुमी पाठ बघितली. तोंड तर बघा." आणि नेलं की ओढत! गोल कोपरा, खिडक्या, छप्पर. मामा बोलत सुटला. थोड्या वेळाने बघते तर साहेबही वाकून जोत्याचे सांधे बोटाने चाचपतायत. डोळे चमकलेले. मला तर आनंदाने ओरडावंसं वाटत होतं.

जाताना ते म्हणाले, "घर राहू दे. मोटर आतच बसवू. पण काका, मग तुम्हाला इथे राहता येणार नाही."

मला वाटलं, आता मामा भांडणार. तो म्हणाला, "कधी खाली करू?"

घर रिकामं करायच्या दिवशी त्याचा उत्साह बघून मला रागच आला. खाट टेम्पोत चढली, भांडी चढली, देव मामीच्या मांडीवर. निघायचं होतं नालासोपाऱ्याला, मुलाच्या फ्लॅटमध्ये, जिथे खिडकी उघडली की समोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत. मी तिथेच रडायला लागले. मामाने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"रडतेस कशाला गो? घर ऱ्हायलं ना. मानसाचं काय, मानूस कुठं पन मावतो."