टँकर येईपर्यंतची रहस्यकथा

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा आम्ही तिथं बदलून आलो, आणि जिल्ह्याआधी दुष्काळाशीच ओळख झाली. टँकरच्या रांगेत माझ्या पुढं रोज एक म्हातारी असे. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. रेडिओवर ऐकलेली रहस्यनाटिका ती रांगेत पुन्हा उभी करायची, सगळ्यांचे आवाज एकटीच काढून. रिकाम्या हंड्यावर बोटं आपटली की जिन्यावर पावलं वाजत. हंड्यात तोंड घालून बोलली की तळघरातला माणूस बोले. एरवी नंबरावरून एकमेकींच्या झिंज्या धरणाऱ्या बायका गप्प ऐकत उभ्या राहत.

एक नाटिका मीही रेडिओवर ऐकली होती. त्यात हार चोरला होता घरातल्या गड्यानं. म्हातारीच्या गोष्टीत मात्र चोर निघाला मालकाचा जावई! पुरावा काय, तर हाराच्या कपाटापाशी पडलेला त्याच्या बुटाचा ओला चिखल. अख्ख्या गावात पाणी उरलं होतं ते मालकाच्या कुलूपबंद विहिरीत, आणि किल्ली जावयाकडं. तो चिखल तिनं पहिल्याच प्रवेशात पेरून ठेवला होता. रांगेनं टाळ्या वाजवल्या.

मी हळूच म्हटलं, "मावशी, रेडिओवर तर गडी चोर होता."

"ठावं हाय की मला," पदर खोचत ती म्हणाली. "पर मी जलमभर लोकाच्या घरी राबले, बाई. माझ्या तोंडून गडी चोर निघत नसतो."