आमच्या गावठाणातले मनिलाकर

प्रिय नीना आणि एलन,

पपा, म्हणजे तुमचे पणजोबा, गेल्याचं मी फोनवर सांगितलं तेव्हा तिकडे मेलबर्नला तुम्ही शाळेला निघाला होतात. नीना, बूट घालता घालता तू विचारलंस, "आजी, पण ते नक्की कुठले होते गं?" मी म्हटलं, सांगेन. गेल्या रविवारी चर्चमध्ये त्यांच्या महिन्याची मिसा, म्हणजे त्यांच्यासाठीची प्रार्थना, झाली. घर पाहुण्यांनी भरलं आणि जो तो त्यांची गोष्ट इतकी रंगवून सांगू लागला, की माझंच डोकं गरगरलं. म्हणून मला पक्कं ठाऊक आहे तेवढं क्रमाने लिहिते. पेपरात एवढ्याचसाठी, की घरच्या पत्राला तुमचा बाबा "नंतर वाचू" म्हणतो. छापून आलेलं मात्र लगेच वाचून दाखवतो.

ते फिलिपिन्सचे, मनिला शहरातले. बाविसाव्या वर्षी एका ऑर्केस्ट्राबरोबर बोटीने मुंबईला आले, मोठ्या हॉटेलात ट्रम्पेट वाजवायला, सहा महिन्यांच्या करारावर. बाकीचे परत गेले, पपा राहिले. कारण अंधेरीतल्या आमच्या गावठाणात एका लग्नाला वाजवायला आले असताना माझी आई कढईपाशी बसून फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे आमचे गोल वडे, तळत होती, आणि तळलेला प्रत्येक फुगा तिच्याच हातून घ्यायला ते पुन्हा पुन्हा येत राहिले... अकरा वेळा, असं आई सांगायची.

मागणी घालायला आले तेव्हा तर फारच मजा झाली. त्यांच्याकडे मोठ्या माणसाचा हात घेऊन आपल्या कपाळाला लावायची रीत. आमच्याकडे ती कुणाला ठाऊक? पपांनी माझ्या आजोबांचा हात धरला आणि खाली वाकले. आजोबांच्या त्या बोटात सोन्याची अंगठी. त्यांनी हात झटकन ओढून घेतला आणि विचारलं, "अंगठी बघतोस काय रे?" पपांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. त्यांना वाटलं, आपण चुकीचा हात धरला. त्यांनी दुसरा धरला! आजोबा मागे सरकत भिंतीला टेकले, तेव्हा आजी हसत पुढे आली आणि तिने आपला हात त्यांच्यापुढे धरला. लग्न ठरलं ते तिच्यामुळे.

पपा मराठी शिकले कोळणींकडून, त्यामुळे फादरपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ते "तू" म्हणत. दिवसा सिनेमाच्या गाण्यांत वाजवत, संध्याकाळी गावठाणाच्या बँडला शिकवत. लोकांनी त्यांना मनिलाकर करून टाकलं. प्रेम भरपूर होतं. पण प्रेम वेगळं आणि मान वेगळा, हे मला माझ्या लग्नात कळलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे उंबराचं पाणी आणतात. नवरीच्या अंघोळीसाठी बायका घागरी घेऊन वाजतगाजत विहिरीवर जातात, आणि बायकांच्या पुढे घरचा कर्ता पुरुष चालतो. आजोबा तोवर वारले होते. थोरले मामा म्हणाले, पुढे मीच चालणार; मनिलाकर कितीही चांगला असला तरी तो बाहेरचा. पंचवीस वर्षं राहून बाहेरचा! मी सरळ सांगितलं, पपा पुढे नसतील तर त्या पाण्याने मी अंघोळ करणार नाही. आई रडायला लागली, आत्या-मावश्या कुजबुजू लागल्या. पपा तेवढे शांत होते.

"भांडू नको," ते म्हणाले. "मामाला त्याच्या जागेवर चालू दे. मी माझ्या जागेवर चालतो."

चार वाजता ते पांढरा सूट घालून, ट्रम्पेट घेऊन बाहेर आले आणि थेट बँडमध्ये जाऊन उभे राहिले. बँडची जागा कुठली? कर्त्या पुरुषाच्याही पुढे! मी खिडकीतून पाहत होते, मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. मावश्यांनी नंतर सांगितलं, मामांच्या ते निम्म्या वाटेत लक्षात आलं. थांबवणार कसे? बँड थांबला तर मिरवणूक थांबणार. विहिरीपर्यंत मामा मुकाट चालले. तिथे पहिली घागर त्यांनी स्वतः ओढली, तशीच ओथंबलेली घेऊन बँडपाशी गेले आणि म्हणाले, "धर. तुझ्या पोरीचं पाणी हाय." पपांनी एका हातात ट्रम्पेट, दुसऱ्या हाताने खांद्यावर घागर धरली. सूट पार भिजला. येताना ते वाजवू शकले नाहीत, पण चालले सगळ्यांच्या पुढे. आणि मी त्याच पाण्याने अंघोळ केली.

खरी गंमत पुढच्या वर्षी. शेजारच्या मुलीचं लग्न होतं, आणि तिच्या बापाला साधी शिट्टीही वाजवता येत नव्हती. तोही म्हणाला, मी बँडमध्ये चालणार. त्याच्या हातात झांजा दिल्या. मग दुसऱ्याने ढोल मागितला... मग बाप कुठे चालणार, हे कुणी विचारेनासंच झालं.

आता त्या विहिरीवर लोखंडी जाळी आहे आणि बाजूला सोळा मजली इमारत. पाणी मोटरने काढतात. पण मिसेला आलेल्या एका बापाने सांगितलं, पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न आहे, तो खुळखुळा वाजवणार आहे. ही रीत कुणी सुरू केली, हे त्याला माहीत नव्हतं. जुनीच असणार, म्हणाला.

नीना, तर ते इथले होते. आमच्या गावठाणात मुलीचा बाप आजही बँडमध्ये चालतो.

तुमची आजी