खैराचे कोरडे गुटके

बायजाला लोक सहनशील म्हणायचे, तेव्हा मला हसूच यायचं. सहनशील कसली डोंबलाची! कोलशेतच्या मिठागरात मीठ ओढून वाढलेली बाई ती. पायाच्या भेगांत खारं पाणी शिरलं तरी हूं की चूं करायची नाही. पण कुणी तिच्या माणसाला बोट लावलं, की ते बोट ती जन्मभर विसरायची नाही. मी आवडाबाई, तिची शेजारीण. आमच्या दोन घरांमध्ये एकच कूड होता. तिचं सगळं मी त्या कुडातून ऐकलंय, त्यामुळे मला कुणी शिकवू नये.

तिचा नवरा परशुराम म्हणजे देवमाणूस. त्यानं गळ्यात तुळशीची माळ घातली आणि खाडीकाठी राहून मासळी सोडली. ताडीचं तर नावच नको. गावातली पोरं चिडवायची, "काय रं परशा, निवट्या बघून तोंडाला पाणी सुटत नाय?" तो हसायचा आणि संध्याकाळी धोंडीबाच्या भजनात टाळ घेऊन बसायचा. धोंडीबा आमच्या गावच्या भजनाचा पुढारी. माळ तोच घालायचा आणि कुणी पथ्य मोडलं तर तोच उतरवायचा.

परशुराम खाडीवरच्या लोखंडाच्या कारखान्यात कामाला होता. मालक ठाण्याचे हरिहरपंत, आणि मिस्त्री विश्राम. तिथं इंजिनांची सिलिंडरं आतून कोरायची. एक लांबलचक लोखंडी दांडी, तिच्या टोकाला कटर. दांडी फिरत फिरत आत जाते आणि लोखंड खरवडते. भोक उथळ असेल तर काही नाही. पण खोल भोकात दांडी लांब सोडावी लागते, मग ती थरथरते, किंचाळते, आणि आत गुळगुळीत व्हायच्या जागी खवले उठतात. ती थरथर थांबवायला विश्राम काय करायचा? बाभळीची तरफ एखाद्या गड्याच्या हातात द्यायचा आणि सांगायचा, "दाब फिरत्या दांडीवर, सगळा जोर लाव!" स्वतः मात्र लांब उभा राहायचा.

परशुरामनं एकदा सांगितलं, "मिस्त्री, दांडी लई उडते. हात सुटंल माजा."

"बायकांसारखा घाबरतोस काय रे!" म्हणून विश्रामनं त्याला पुढं ढकलला. तरफ निसटली, बाही दांडीत गुंडाळली गेली आणि हात कोपरापर्यंत चेंदला. मालक धावत येईस्तोवर विश्रामनं एक काम उरकलं. कुणा गड्याच्या मडक्यातली ताडी घेतली आणि बेशुद्ध पडलेल्या परशुरामच्या सदऱ्यावर ओतली. "पिऊन आला होता साहेब, मी काय करू?"

मालकाला पटलं. वास होताच ना! मेल्या विश्रामचं मी तळपट झालेलं बघेन, असं मी त्याच दिवशी म्हटलं होतं. पण खरा घाव पुढंच होता. वासाची गोष्ट गावात आली आणि धोंडीबानं खाटेवर पडलेल्या परशुरामच्या गळ्यातली माळ उतरवली. तो सांगत होता, शपथा घेत होता. कुणी ऐकलं नाही. जखम चिघळली. जाताना तो हाताबद्दल एक अक्षर बोलला नाही. "माजी माळ... माजी माळ..." एवढंच. माळेविना गेला तो.

बायजा रडली नाही. कुडापलीकडून एकच वाक्य आलं, "ज्यानं उतरवली, त्याच्याच हातानं परत आणवीन." आणि उतरवणारा हात धोंडीबाचा असला, तरी तिच्या लेखी तो हात विश्रामचाच होता.

मग या बाईनं काय करावं? त्याच कारखान्यात कामाला लागली! गावानं तोंडात बोटं घातली. काही जणी बोलल्याही, "नवऱ्याला खाल्लं तिथंच पोट भरते." बोलू दे, बायजा म्हणाली.

परशुराम गेल्यावर मालकांनी तरफ बंद करवली होती. मुंबईहून नवी रीत आणली. कटरच्या मागं दांडीभोवती खैराच्या लाकडाचे गुटके बसवायचे. ते भोकाच्या भिंतीला घट्ट टेकून फिरतात, दांडीला आतूनच आधार मिळतो आणि थरथर जागीच मरते. मात्र ते गुटके सदा तेल प्यालेले पाहिजेत. कोमट करंजेलात ते मुरवायचं काम बायजाकडं आलं. विश्राम तिला "काय बायजे, बरं चाललंय ना?" असं विचारायचा आणि ही खाली मान घालून "हो मिस्त्री" म्हणायची. मी असते तर डोक्यात गुटका घातला असता.

अशातच दसरा आला. खंडेनवमीला हत्यारं पुजायची. विश्राम सोवळ्याओवळ्याचा भारी. "तेलकट हत्यार देवीपुढं मांडायचं नाही," म्हणून त्यानं हातोड्या, कानशी, छिन्न्या सगळं रिठ्याच्या पाण्यानं घासलं. आणि गुटकेही! रिठ्याच्या पाण्यात बुडवून घासघासून तेल काढलं, उन्हात वाळवले, वर हळदकुंकू वाहिलं. बायजा समोर उभी होती. लाकूड आधी फुगलं, मग आवळलं, बारीक चिरा पडल्या. तिला सगळं दिसत होतं. ती गप्प बसली. बरं केलं!

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी प्रसादाला सगळा गाव कारखान्यात. भातगिरणीच्या इंजिनाचं मोठं सिलिंडर, शेवटचा हात फिरवायचा, तोही गावासमोर. बायजानं तेलाचं भांडं पुढं केलं, एवढं मात्र तिनं केलं. विश्राम खेकसला, "देवीचं कुंकू पुसतेस? आज तेल नको."

"बरं मिस्त्री," बायजा म्हणाली, आणि इंजिनाचा पट्टा सरकवून दांडी थांबवायची काठी असते, तिथं जाऊन उभी राहिली.

दांडी आत शिरली. थोडी गेली, आणि किंचाळली. कानठळ्या बसल्या. गुटके ढिले, दांडी आत आपटायला लागली. मालक ओरडले, "थांबवू नका! मध्येच थांबलं तर आत पायरी पडेल, सिलिंडर भंगारात जाईल!"

विश्रामला जुनी तरफ आठवली. "अरे, धरा कुणीतरी!" एक गडी हलला नाही. शेवटी त्यानं स्वतःच तरफ घातली आणि अंगाचा भार टाकला. दांडीचे हिसके त्याच्या दंडात, दातांत जायला लागले. आता सोडावी तर तरफ छातीत बसणार. बाही फिरत्या दांडीच्या जवळ जवळ सरकत होती.

"बायजे, पट्टा उतरव!"

ती काठीला हात लावून शांत उभी. "मिस्त्री, हात का थरथरतात? ताडी घेतलीत?"

"नाही गं! दांडी उडतेय!"

"न पिताही हात सुटतो म्हणायचा?"

"सुटतो, सुटतो! उतरव ना!"

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. मेल्यावरही नाही. त्या दिवशी बायजानं सगळ्या गावासमोर घेतलं. "मग परशुरामचा हात कसा सुटला?"

विश्राम रडत ओरडला, "त्यानं घेतली नव्हती! मी ढकलला! ताडी मीच ओतली!"

"धोंडीबा, ऐकलंत?"

धोंडीबाची मान खाली. "ऐकलं."

तेव्हा कुठं तिनं काठी ओढली. पट्टा सरकला, दांडी थांबली. सिलिंडरात बोटभर पायरी पडली होती. मालकांनी विश्रामला तिथल्या तिथं हाकललं.

बायका म्हणाल्या, बायजा मोठ्या मनाची, वैऱ्याचे हात वाचवले. मला हसूच आलं. त्याच संध्याकाळी बायजाच्या सांगण्यावरून धोंडीबानं जपून ठेवलेली माळ विश्रामच्या हातात दिली आणि त्याला आमच्या आळीत आणलं. सगळा गाव बघत होता. बायजानं तुळशीकडं बोट दाखवलं. विश्रामनं वाकून, आपल्या दोन्ही धड हातांनी, तिथं माळ बांधली. मग उंबऱ्यापाशी हात जोडून म्हणाला, "बाई, तू म्हटलंस तसं केलं. आता तरी माफ कर."

बायजानं त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"माळ आणलीस," ती म्हणाली. "आता माणूस आण."

आणि दार लावून घेतलं.