झुलपेवाल्याचा गळा

धाकटीला सगळे अजून धाकटीच म्हणतात. साठी कधीच उलटली, गुडघे कुरकुरतात, ती ज्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काम करते तिथले मालकसुद्धा तिच्याहून लहान, पण ताईने एकदा दुकानात येऊन "आमची धाकटी आहे का?" असं विचारलं आणि तेव्हापासून तिची सुटका नाही.

तिचं काम वाफेच्या प्रेसवर. कोटाची कॉलर गादीवर पसरायची, वरचं झाकण दाबायचं, पायाने वाफ सोडायची आणि कापडाला नको ती चकाकी येण्याआधी झाकण उचलायचं. नवीन माणसाला हे घड्याळ लावून शिकवतात. धाकटी मात्र तिच्या तरुणपणी गाजलेल्या एका गायकाच्या, झुलपेवाल्याच्या, गाण्याची एक लांबलचक ओळ मनात म्हणते. ओळ संपली की झाकण वर. इतक्या वर्षांत तिच्या हातून एक कॉलर करपली नाही, आणि याचं श्रेय ती बिनदिक्कत त्याला देते. "एका दमात म्हणायचा हो तो ही ओळ!"

मालक हसतात. "धाकटी मावशी, तो गायचा कधी? तो नुसते केस उडवायचा."

हेच तर तिचं दुखणं. सत्तरच्या दशकात, धड मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हाच हा पोरगा तमाम मुलींच्या गळ्यातला ताईत झाला. कपाळावर झुलपं, गालाला खळी, घोळदार पँट. दोघी बहिणींच्या खोलीत ताईच्या पलंगाकडची भिंत त्याच्या फोटोंनी भरलेली. एका फोटोच्या गालावरचा कागद तर ताईने मुके घेऊन घेऊन पातळ केला होता. धाकटी रेकॉर्ड लागली की भिंतीकडे पाठ करून डोळे मिटून बसायची.

"ऐक ना, इथे सूर कसा अलगद सोडलाय!"

"गप गं. गाण्याला कोण विचारतंय? डोळे बघ त्याचे."

पुढे ताईने याचा कायमचा विनोदच करून टाकला. आल्यागेल्याला सांगायची, आमची धाकटी त्याच्या गाण्यावर भाळली होती, म्हणजे बघा! लोक पोट धरून हसत. धाकटीही हसण्यावारी नेई, पण आतून तिला ते लागत असे. गळ्यात एवढी जादू असलेल्या माणसाला जगाने केसांवरून ओळखावं, याचा तिला खरोखरच संताप होता. त्या काळी दोघी त्याच्या कार्यक्रमाला गेल्या होत्या. मुलींच्या किंचाळण्यात एक शब्द ऐकू आला नाही. ताईचा घसा बसला आणि धाकटी रडत घरी आली.

नवरा गेल्यापासून ताई धाकटीकडेच राहते. झुलपेवाला पुन्हा येतोय, असं तिनेच वर्तमानपत्रात वाचलं. कार्यक्रम भर दुपारी होता, कारण त्याच्या चाहत्यांना आता संध्याकाळी बाहेर पडणं झेपत नाही.

"मी नाही येणार," धाकटी म्हणाली. "गळा गेला असेल त्याचा."

"झुलपंही गेली असतील. मी येतेय ना?"

धाकटीला भीती वेगळीच होती. तो आता बेसूर गायला तर ताईचा विनोद खरा ठरणार आणि आपण जन्मभर खुळ्यासारखं भांडत होतो असं होणार. पण घरी बसणंही जमेना. गेली.

झुलपं खरंच गेली होती. डोकं तुळतुळीत, चाल सावकाश. तरी बायकांनी अशी किंकाळी फोडली की खुर्च्या हलल्या. त्यात ताई सगळ्यांच्या पुढे. त्याने तेच गाणं घेतलं, ती ओळ आली, आणि अर्ध्यातच त्याचा श्वास संपला. उरलेली ओळ सभागृहाने आनंदाने ओरडून पुरी केली. धाकटीच्या मनात आलं, एवढ्या दमात कॉलर ओलीच राहिली असती.

तेवढ्यात त्याने हात वर केला. वाद्यं थांबली.

"बायांनो," तो म्हणाला, "तेव्हाही तुम्ही असंच करायच्या. मी काय गातोय ते माझं मलाच कळायचं नाही. आज एकदा ऐकू द्या."

हशा झाला आणि मग सगळ्या गप्प झाल्या. त्याने वाद्यांशिवाय, खालच्या पट्टीत तेच गाणं पुन्हा सुरू केलं. ती ओळ तीन तुकड्यांत तुटली. पण प्रत्येक तुकडा नेमका तिथेच तुटत होता, जिथे गाण्यातलं दुःख कुणाला तरी सांगताना माणूस थांबेल. थांबलेला असतानाही तो गातच होता. धाकटीच्या अंगावर काटा आला. आपण आयुष्यभर याचा नुसता दम मोजत बसलो, हे कळून ती जराशी ओशाळली आणि त्याहून कितीतरी जास्त खूश झाली. तो तिला वाटला होता त्यापेक्षाही मोठा गवई होता.

तिने चोरून शेजारी पाहिलं. ताईने डोळे मिटले होते.

कार्यक्रम संपला, लोक उठले, ताई उठेना.

"हा गातो गं," ती म्हणाली.

"हो."

"मग इतकी वर्षं मला कुणी सांगितलं कसं नाही?"

धाकटीच्या जिभेवर काय काय आलं! पण ताईचे डोळे भरले होते आणि ती अगदी मनापासून विचारत होती. धाकटीला हसू आणि रडू एकदमच फुटलं. ताई आधी नुसती बघत राहिली. मग तिच्या ध्यानात आलं आणि तिने कपाळावर हात मारून घेतला.

"सांग आता," ती म्हणाली. "अगदी पहिल्यापासून सांग."

धाकटी सांगू लागली. दिवे मालवायला आलेल्या माणसाला त्यांनी दोनदा थांबायला लावलं.