आरशाजवळची चिमटेबाई

दुकानात तिला सगळे चिमटेबाई म्हणायचे. बायकांच्या कपड्यांचं दुकान, कोपऱ्यात एक उंच आरसा आणि त्याच्याजवळ ही उभी, पट्ट्याला बारके चिमटे अडकवून. गिऱ्हाईक नवा झगा घालून आरशापुढे आली की ही मागे सरकायची, पाठीवरचं जास्तीचं कापड गोळा करायची आणि टाक टाक चिमटे मारायची. पुढून अशी काही कंबर निघायची की बाई स्वतःवरच खूश. हिचे पाय मात्र दुपारनंतर दुसऱ्याचे असल्यासारखे व्हायचे.

धाकटे शेठ विक्रीचं कसलंसं शिक्षण घेऊन आले आणि त्यांनी सकाळीच तिला गाठलं.

"काकू, राग मानू नका. हे मी नाही, शास्त्र म्हणतं. माणूस रानात राहायचा तेव्हापासूनची सवय आहे. तुकतुकीत कातडी, दाट केस, बारीक कंबर दिसली की माणूस निरोगी, पोरं धडधाकट होणार. आपण ठरवून बघत नाही, डोळा आपोआप जातो. आरशाजवळ तरुण चेहरा पाहिजे."

"आणि मी?"

"मागच्या खोलीत शिलाईचं मशीन आहे ना. सोमवारपासून तिथे बसा. तुमची भाची इथे उभी राहील."

भाचीला दुकानात हिनेच चिकटवलेलं. शाळा अर्धी सोडलेली, दिसायला देखणी, त्याचं तिला सोयरसुतक नाही, आणि जीभ अशी की कात्री बरी.

"शेठ, रानात तुमच्या या ढेरीकडे कोण बघत होतं हो?"

"गप गं," मावशी म्हणाली.

भांडायचं तरी कशाच्या जोरावर? माझी कंबर जाड दाखवा, असं आजवर एकही बाई म्हणाली नव्हती. शेठ आज जे शिकून आले, तेच ही रोज उभ्या उभ्या विकत होती. फक्त आरशाजवळ चार माणसं भेटायची, बोलायची. मागच्या खोलीत भिंत आणि मशीन. तिथे गेलेलं माणूस पुन्हा पुढे आलेलं तिने पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक निळा झगा घालून बाहेर आली. ही सवयीने मागे गेली, चिमटे मारले. बाई आरशात बघून हरखली.

"बघितलंस?" शेठ भाचीला म्हणाले. "हे असं तू उभी राहिलीस की दुप्पट विकेल."

झालं. पोरीचं डोकं सटकलं. तिने बाईला खांद्याला धरून गर्रकन फिरवलं.

"चेहऱ्यावर विकतं होय? हे बघा, मावशीच्या हातावर विकतं!"

आरशात पाठ दिसली, चिमट्यांची रांग लागलेली. शेठ लालबुंद. मावशीने एकेक चिमटा काढला आणि झगा पोत्यासारखा लोंबला.

"चूक झाली, ताई. पोर वेडी आहे."

बाई ओरडली नाही. "संध्याकाळी एकाला भेटायचंय," ती म्हणाली. "पहिल्यांदाच. फोनवर खूप बोललोय. माझा आवाज आवडतो म्हणे त्याला."

"मग काय हवंय आणखी?"

"आधी बघणार ना तो. ऐकणार नंतर." तिने झग्याची बाजू ओढून धरली. "चिमटे होते तिथेच शिवून द्या."

"श्वास घेता यायचा नाही."

"नाही घेणार."

मावशीला हसू आलं, पण तेही दमलेलंच. शेठचा चेहरा निवळला. "द्या ना काकू, मागे मशीन आहेच!"

भाचीने मावशीचा हात धरला. "आज नको. आज गेलीस की हा तुला परत पुढे येऊ देणार नाही. आपण दोघी निघू इथून."

"निघून काय खायचं?"

"काहीपण!"

"तुझ्या आईला काय सांगू? काहीपण खातो म्हणून?" मावशीने पट्टा सोडून भाचीच्या कमरेला बांधला. पोरगी दातओठ खात उभी, डोळे भरलेले, पण पट्टा सोडला नाही.

"कण्यावर मारू नकोस, टोचतं. दोन बोटं बाजूला."

मागच्या खोलीत दिवा लावला तर खुर्चीवर खोके. ते खाली ठेवून ती बसली. झगा उलटा केला, चिमट्यांच्या खुणेपेक्षा बोटभर सैलच शिवण धरली. कंबर जरा कमी बारीक दिसेल, पण त्या बाईला संध्याकाळी दोन घास तरी खाता येतील.

"मावशी," बाहेरून हाक आली, "दुसरी आलीय, तुलाच विचारतेय!"

"तूच बघ," ती म्हणाली आणि मशीन चालू केलं.