दाखल्यावरचं खोटं

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या टूवूंबा गावात गाडी नसली की माणूस पांगळाच. माझं लायसन्स दहा महिने गेलं होतं, आणि बायकोने इथल्या मराठी मंडळात सांगून ठेवलं होतं की ह्यांना चक्कर येते. लोक भले. दारात भाजी आणून ठेवायचे, मास्कच्या आडून विचारायचे, "कशी आहे चक्कर?" मी म्हणायचो, "कमी आहे." आजही ते आठवलं की जीभ घासून धुवावीशी वाटते.

चक्कर वगैरे काही नव्हती. मी पिऊन गाडी चालवताना सापडलो होतो. तेही गणपतीत.

त्या वर्षी आरती झूमवर होती. स्क्रीनवर वीसेक घरं, प्रत्येकाची टाळी वेगळी पडतेय. माझ्या हातात स्टीलचा पेला, पेल्यात व्होडका. काचेचा ग्लास असता तर कुणी तरी टोकलं असतं. स्टीलच्या पेल्यात काय आहे, हे आपल्याकडे कुणी विचारत नाही. पाणीच असणार. घरून काम सुरू झाल्यापासून ही युक्ती चालू होती आणि मला तिचा अभिमान होता. होय, अभिमान.

आरतीनंतर उकडीच्या मोदकांचे डबे घरोघरी दारात ठेवून यायचे होते. "मी जातो," मी म्हणालो. असल्या कामांत मी नेहमी पुढे. मुलगी मांडीवर डबे घेऊन शेजारी बसली.

तिसऱ्या घराच्या अलीकडे पोलिसाने थांबवलं. भर दुपार.

"आज काही घेतलंय का, मेट?"

"नाही," मी म्हणालो. कपाळावर अष्टगंध होतं.

मुलगी खाली डब्यांकडे बघत राहिली. तिला माहीत होतं. पेला तीच विसळायची. मी नळीत फुंकलं. आकडा बघून पोलिसाने तिच्याकडे बघितलं. गाडी तिथेच सोडावी लागली. उरलेले मोदक घेऊन आम्ही दोघं चालत घरी आलो.

बंदी संपत आली तेव्हा लायसन्ससाठी डॉक्टरांचा दाखला मागितला गेला. गावात डॉक्टर पुष्कळ होते. मी निवडला तो आमच्या मंडळातला. आपलाच माणूस, सांभाळून घेईल, हा हिशोब. तोवर मुलगी सतरा वर्षांची झाली होती, गाडीला नव्या ड्रायव्हरची लाल 'पी'ची पाटी लावून तीच मला घेऊन गेली. कोविडमुळे आत फक्त पेशंटला सोडत होते. उतरताना म्हणाली, "बाबा, जस्ट टेल हिम. सगळं."

फॉर्मवरचं बंदीचं कारण वाचून डॉक्टर हसायला लागला. "ही होय तुझी चक्कर! मी तर तुला कानाच्या डॉक्टरकडे पाठवणार होतो. बोल, आठवड्याला किती?"

दोन दिवसांत बाटली संपायची. म्हणालो, "कधीतरी. सोशल."

"लॉकडाऊनमध्ये कसलं रे सोशल? कुणाबरोबर, गणपतीबरोबर?"

मी हसलो. हसलो! टेबलावरच्या सॅनिटायझरचा वास येत होता आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. मास्क होता म्हणून दिसलं नाही.

"घाबरू नकोस, सोशल लिहितो," तो म्हणाला. "रक्त तपासायला हवं खरं तर. जाऊ दे. आपल्याच माणसाला काय अडकवायचं?" डोळा मारून त्याने सही केली. त्या मारलेल्या डोळ्याची मला किळस आली. पण त्याच्यासाठीच तर मी तिथे गेलो होतो.

गाडीत बसल्या बसल्या तिने विचारलं, "डिड यू टेल हिम?"

"सांगितलं."

"पेल्याचं पण?"

"सगळं."

तिने सीटबेल्ट काढला, वाकून मला मिठी मारली. "आय ॲम सो प्राउड ऑफ यू, बाबा." तिचा मास्क ओला झालेला माझ्या गालाला लागला.

लायसन्स आलं त्या शनिवारी तिने किल्ली माझ्या हातात ठेवली, स्वतः बाजूच्या सीटवर जाऊन बसली आणि रस्त्याला लागेपर्यंत झोपूनही गेली. तोंड किंचित उघडं, लहानपणी झोपायची तशी. त्या दिवशी मी घेतलेली नव्हती. पुढच्या सगळ्या दिवसांबद्दल तसं म्हणता येणार नाही. दारू सुटली ती त्यानंतर दीड वर्षाने, आणि त्याचंही श्रेय मुलगी त्या दाखल्याच्या दिवसाला देते. पाहुण्यांना सांगते, माझे बाबा डॉक्टरांना सगळं खरं बोलले. मी तिथेच बसलेला असतो, चहा पीत.

हे लिहून झालं की तिला वाचून दाखवायचं ठरवलं आहे. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. म्हणूनच मी हे मराठीत लिहिलं, हेही तेव्हा सांगावं लागेल.