दोनदा आलेले मेल आणि एक न गेलेला

मेल दुरुस्त करणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपोआप डाउनलोड होतात, कधीकधी दोनदा! मी वाळूजच्या एका कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर बघतो. तिथं मशीन क्वचित बिघडतं, हाका मात्र रोज येतात.

स्टोअरचे पठाणभाई सिल्लोडचे. त्यांना प्रत्येक मेल डबल यायचा, आणि भाई दोन्हींना वेगवेगळं उत्तर द्यायचे. मी म्हटलं, "भाई, मेल एकच आहे, एकदाच उत्तर द्या."

"ऐसा कैसा? सामनेवाले ने दो बार सलाम किया तो जवाब भी दो बार देना पडता ना!"

परचेसच्या काळे मॅडमचे मेल उलट गायब व्हायचे. शोधलं तर त्यांच्या घरच्या लॅपटॉपवरही ऑफिसचंच मेल-अकाउंट लावलेलं. लॅपटॉप चालू झाला की सगळे मेल तिकडं ओढले जायचे, ऑफिसला काही उरायचं नाही.

"घरी कोण लावतं लॅपटॉप?"

"आमचे मिस्टर. क्रिकेट बघायला." मॅडम माझ्याकडं वळल्या. "म्हणजे दिवसभरात एवढं तरी काम करतात म्हणायचं!"

एकदा खुद्द साहेबांचा फोन. सकाळपासून फक्त स्टोअरचेच मेल दिसतायत, बाकी सगळे गेले! जाऊन बघतो तर वरच्या शोधायच्या चौकटीत 'पठाण' लिहिलेलं तसंच राहिलं होतं. पुसलं, सगळे मेल परत आले.

साहेब म्हणाले, "तरीच! मला वाटलं आज कंपनीत पठाण एकटाच काम करतोय."

पठाणभाईंना मी बजावलं होतं, मेलची एक कॉपी काढून वेगळी ठेवा. हार्ड डिस्क उडाली तेव्हा विचारलं, "कॉपी कुठंय?"

"उसीच कॉम्प्युटर में. बाहर रखता तो गुम नहीं जाती?"

मी डोक्याला हात लावला. भाईंनी चहा मागवला.

आता जाधवांचं. हे पैठणकडचे, डिस्पॅच सांभाळतात, बोलणं बेतास बात. ट्रक उशिरा सुटला म्हणून साहेब त्यांना सगळ्यांदेखत टाकून बोलले. जाधवांनी त्याच दुपारी राजीनामा मेल केला. साहेबांनी त्यावर ब्रसुद्धा काढला नाही, दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं काम सांगितलं. जाधवांनी मनाशी धरलं, साहेबानं राजीनामा काढून टाकला! तेव्हापासून गडी सुट्टीच्या दिवशीही गेटवर हजर.

"तोंडाचा फाटका हाय, पण माणूस लई मोठा," जाधव मला सांगत होते. मी त्यांचे डबल मेल काढत बसलो होतो. सहज आउटबॉक्स उघडला, तर राजीनामा तिथंच! पाठवल्या पाठवल्या भाषा बरी आहे का बघायला त्यांनी तो परत उघडला होता. तसं केलं की आमच्या प्रोग्राममध्ये तेवढा मेल अडकून बसतो, बाकीचे जातात.

"जाधव, हा गेलाच नाही."

ते स्क्रीनजवळ वाकले. "म्हंजी साहेबाला ठावकंच नाय?"

"नाही. मी डिलीट करतो, विषय संपला."

"थांबा." चेहरा एवढासा झाला होता, मला फार वाईट वाटलं. "म्हंजी मला कुणी ठिवून घेतलंच नव्हतं. पाठवा."

"अहो, पोरीचं कॉलेज चालू आहे तुमच्या! दुसरी नोकरी कुठं धरलीय?"

"पाठवा म्हणलो ना भाऊ!"

पाठवला.

साहेब कधी कुणाच्या टेबलापाशी येत नाहीत, बोलावून घेतात. पण थोड्याच वेळात केबिनचं दार उघडलं आणि ते सरळ आमच्याकडं आले. जाधव उभे राहिले. साहेबांनी त्यांच्याकडं पाहिलंच नाही, मला म्हणाले, "ह्यांचं मशीन अजून नीट झालेलं नाही. भलतंच काहीतरी आलं होतं मला. मी काढून टाकलं."

मग जाधवांकडं वळून, "चला, ट्रक लागलाय."